पेढा की बर्फी?

“मशीनवर डॉक्टरांना सगळं दिसतं ना? मग मुलगा आहे की मुलगी, एवढंच का सांगत नाहीत?” सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बाकावर बसलेल्या माणसांपैकी कुणी ना कुणी हे विचारतंच. समोरच्या भिंतीवर पाटी असते: इथे गर्भलिंगनिदान केलं जात नाही, तो कायद्यानं गुन्हा आहे. सांगणार नाही एवढं पाटीवरून कळतं, पण का सांगणार नाही ते कळत नाही. अमेरिकेत राहणाऱ्या भाचीला तिचे डॉक्टर सहज सांगतात, पुण्यातल्या भाचीला मात्र सांगत नाहीत. हा फरक कशासाठी, असं वाटणं स्वाभाविक आहे.

याचं उत्तर द्यायचं तर सोनोग्राफीच्या बरंच आधीपासून सुरुवात करावी लागते.

१. ठरतं कधी?

आपल्या शरीरातल्या पेशींमध्ये गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. गुणसूत्र म्हणजे आनुवंशिक माहिती साठवणारा, घट्ट गुंडाळलेला डीएनएचा धागा. त्यातल्या २२ जोड्या स्त्री-पुरुषांत सारख्याच असतात. शेवटची जोडी वेगळी असते. स्त्रीकडे दोन एक्स गुणसूत्रं असतात, तर पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय.

स्त्रीबीज किंवा शुक्राणू तयार होताना प्रत्येक जोडीतलं एकच गुणसूत्र त्यात उतरतं. आईकडे दोन्ही एक्सच असल्यामुळे स्त्रीबीजात नेहमी एक्सच असतो. वडिलांच्या शुक्राणूंपैकी साधारण निम्म्यांत एक्स असतो आणि निम्म्यांत वाय. एक्सवाला शुक्राणू स्त्रीबीजाला मिळाला तर मुलगी, वायवाला मिळाला तर मुलगा. हे त्या क्षणी ठरतं. आई गरोदर आहे याची घरात कुणालाच, तिला स्वतःलाही, अजून कल्पना नसते.

हे ज्ञान फार जुनं नाही. १९०५ मध्ये अमेरिकेतल्या ब्रिन मॉर कॉलेजात नेटी स्टीव्हन्स ही संशोधिका पिठात वाढणाऱ्या एका भुंगेऱ्याच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होती. मादीच्या पेशींत सगळी गुणसूत्रं मोठी होती, नराच्या पेशींत मात्र एक अगदी छोटं होतं. लिंग या छोट्या गुणसूत्रावरून ठरतं, असं तिनं मांडलं. एडमंड विल्सन हा शास्त्रज्ञही त्याच सुमारास स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षावर पोचला होता.

मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या घरांना गेली काही दशकं सांगितलं जातं की लिंग बापाकडून ठरतं, बाईकडून नाही. ते खरं आहे आणि सांगायलाही हवं. पण माझ्या मते तेवढ्यावर थांबू नये. बापाच्या हातातही काहीच नसतं. कोट्यवधी शुक्राणूंपैकी कुठला पोचणार हे कुणीच ठरवत नाही. सासूबाईंनी दोष सुनेवरून काढून मुलावर ठेवला तरी मुलगी होणं हा कुणाचा तरी दोष आहे, ही समजूत तशीच राहते. खोडून काढायची आहे ती ही समजूत.

२. सुरुवातीला दोघंही सारखीच

गुणसूत्रांत भेद असला तरी सुरुवातीचे काही आठवडे शरीरात तो दिसत नाही. सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत गर्भात ज्या ग्रंथी असतात त्या पुढे अंडाशयही होऊ शकतात आणि वृषणही. वाय गुणसूत्रावर एसआरवाय नावाचं एक जनुक असतं. लंडनमधल्या शास्त्रज्ञांनी ते १९९० मध्ये शोधलं. हे जनुक कामाला लागलं की त्या ग्रंथी वृषणाच्या वाटेनं जातात आणि त्यांच्यातून पाझरणारी संप्रेरकं पुढचं शरीर घडवतात. ते जनुक नसेल तर अंडाशय तयार होतात. बाहेरून दिसणारे अवयवही सुमारे नवव्या आठवड्यापर्यंत एकाच उंचवट्याच्या रूपात असतात. त्यानंतर हळूहळू त्यांचे आकार वेगळे होत जातात.

काही बाळांच्या बाबतीत गुणसूत्रं, ग्रंथी आणि बाहेरचे अवयव यांचा नेहमीसारखा मेळ बसत नाही. तीही निसर्गातलीच माणसं आहेत. म्हणजे ‘मुलगा की मुलगी’ या प्रश्नाला प्रत्येक वेळी दोनच उत्तरं असतील असं शरीरशास्त्र म्हणत नाही.

३. घराघरांतले अंदाज

डोहाळजेवणात दोन झाकलेल्या वाट्या ठेवतात. एकीत पेढा, म्हणजे मुलगा, दुसरीत बर्फी, म्हणजे मुलगी. होणारी आई एक वाटी उचलते आणि सगळ्या जणी हसतात. खेळ म्हणून तो गोडच आहे. अडचण खेळाबाहेरच्या अंदाजांची आहे. पोट पुढे टोकदार आलं तर मुलगा, पसरट असलं तर मुलगी. आंबट खावंसं वाटलं तर एक, गोड खावंसं वाटलं तर दुसरं. कोणता पाय आधी उचलला, चेहरा उजळला की काळवंडला, बाळाचे ठोके मिनिटाला १४० च्या वर आहेत की खाली, अशी कितीतरी लक्षणं सांगितली जातात.

शेजारच्या काकू म्हणतात, “माझा अंदाज कधी चुकत नाही.” जरा हिशोब करू. जगभरात साधारण १०० मुलींमागे १०५ मुलगे जन्माला येतात. म्हणजे डोळे मिटून दर वेळी “मुलगा” असं म्हणणारा माणूसही १०० पैकी ५१ वेळा बरोबर ठरेल. काकूंनी २० सुनांचं भाकीत केलं तर काहीही माहीत नसताना त्यातली १० च्या आसपास खरी निघतील. त्या दहा घरांत त्यांचं नाव वर्षानुवर्षं निघत राहतं. उरलेल्या दहा घरांत बारशाच्या गडबडीत ते भाकीत कुणालाच आठवत नाही. अंदाजावरचा विश्वास असा वाढत जातो.

पोटाचा आकार स्नायूंच्या ताकदीवर, उंचीवर, ही कितवी खेप आहे यावर आणि बाळ कसं आडवं-उभं आहे यावर अवलंबून असतो. पहिल्या तिमाहीत मुलगे आणि मुली यांच्या ठोक्यांत फरक आढळलेला नाही. फक्त एका बाबतीत थोडं तथ्य आहे. रुग्णालयात दाखल करावं लागेल इतक्या तीव्र उलट्या होणाऱ्या बायकांमध्ये मुली होण्याचं प्रमाण किंचित जास्त असल्याचं दिसलं आहे. पण ते प्रमाण हजारो बायकांच्या नोंदी एकत्र केल्यावर दिसतं. एका बाईबद्दल त्यावरून काहीच सांगता येत नाही.

चिनी पंचांग म्हणून एक तक्ता फिरतो. आईचं वय आणि गर्भधारणेचा महिना यांवरून लिंग सांगण्याचा त्याचा दावा आहे. स्वीडनमधल्या २८ लाखांहून अधिक जन्मांच्या नोंदींशी तो ताडून पाहिला गेला, तेव्हा निम्मी उत्तरं बरोबर आणि निम्मी चूक निघाली. प्राचीन इजिप्तमध्ये बाईच्या लघवीवर गहू आणि सातू भिजवत आणि काय आधी उगवतं यावरून लिंग सांगत. १९६३ मध्ये ते करून पाहण्यात आलं. गरोदर बायकांच्या लघवीवर धान्य बऱ्याचदा उगवलं, पण मुलगा-मुलगी मात्र त्यावरून कळेना.

आपल्याकडचा सर्वांत टिकून राहिलेला समज सम-विषम तिथींचा. सम दिवशी संबंध आला तर मुलगा, विषम दिवशी आला तर मुलगी. शुक्राणू बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. स्त्रीबीज मात्र बाहेर पडल्यावर जेमतेम एक दिवस टिकतं. त्यामुळे सोमवारी संबंध आला आणि गर्भ गुरुवारी राहिला, असं सहज होतं. मग तिथी कुठल्या दिवसाची धरायची? १९९५ मध्ये अमेरिकेत २२१ स्त्रियांच्या रोजच्या नोंदींवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही संबंधाचा दिवस आणि बाळाचं लिंग यांचा काही संबंध आढळला नाही. पुंसवन संस्कारात दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात वडाच्या कोवळ्या अंकुरांचा रस नाकपुडीत घालतात. पण लिंग त्याच्या कितीतरी आठवडे आधीच ठरलेलं असतं. मुलगा व्हावा म्हणून पुड्या देणारे भोंदू आजही गावोगाव आहेत. त्या पुडीत काय असतं हे घेणाऱ्या बाईला कुणी सांगत नाही, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते, कारण तिच्या पोटातल्या बाळाचे अवयव तेव्हाच घडत असतात.

४. यंत्रांना कळतं ते कसं?

गर्भाचं लिंग खात्रीनं कळेल अशी पहिली वाट गर्भजलातून निघाली. बाळाभोवतीच्या पाण्यात त्याच्या त्वचेच्या काही पेशी तरंगत असतात. १९४९ मध्ये मरे बार आणि त्यांचे सहकारी बर्ट्राम यांना मांजराच्या चेतापेशींत मादी ओळखण्याची एक खूण सापडली: न वापरलेला दुसरा एक्स केंद्रकाच्या कडेला ठिपक्यासारखा दिसतो. पुढे १९५६ मध्ये डेन्मार्कच्या फुक्स आणि रीस यांनी गर्भजलातल्या पेशींत हा ठिपका शोधला. त्यामागे एक आजार होता.

हिमोफिलियात रक्त लवकर गोठत नाही. त्याचं सदोष जनुक एक्सवर असतं. मुलीकडे दुसरा चांगला एक्स असल्यामुळे ती बहुधा निभावून जाते, मुलाकडे एकच एक्स असतो. त्यामुळे वाहक आईच्या मुलग्यांपैकी साधारण निम्म्यांना हा आजार होतो. अशा आईला गर्भाचं लिंग कळलं तर तिला निर्णय घ्यायला मदत होते. चाचणी त्यासाठी वापरली जाऊ लागली.

दुसरी वाट ध्वनीची. खोल विहिरीच्या काठावरून हाक मारली की प्रतिध्वनी येतो, आणि तो किती वेळानं आला यावरून पाणी किती खोल आहे याचा अंदाज बांधता येतो. सोनोग्राफीत पोटावर फिरवलेला तुकडा सेकंदाला २० ते ५० लाख कंपनं असलेला, आपल्याला ऐकू न येणारा ध्वनी आत सोडतो. हाड, मांस आणि पाणी यांच्या सीमांवरून तो परत येतो. त्या असंख्य प्रतिध्वनींची वेळ मोजून यंत्र पडद्यावर चित्र उभं करतं. ग्लासगोचे डॉ. इयन डोनाल्ड यांनी धातूतल्या भेगा शोधणारं यंत्र पाहून ही कल्पना बायकांच्या आजारांसाठी वापरली. त्यांचा शोधनिबंध १९५८ चा. पोटातली गाठ, बाळाची वाढ आणि जुळी आहेत का, हे पाहण्यासाठी त्यांनी हे केलं. बाळाचे बाहेरचे अवयव पुरेसे वाढले की तेही त्याच चित्रात येतात.

तिसरी वाट रक्ताची. १९९७ मध्ये डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की आईच्या रक्तात बाळाच्या डीएनएचे सूक्ष्म तुकडे फिरत असतात. मुलगा पोटात असलेल्या आईच्या रक्तात वायचे तुकडे सापडतात, जे तिच्या स्वतःच्या पेशींतून येणं शक्यच नसतं. डाउन सिंड्रोमसारख्या दोषांची शक्यता आता या चाचणीनं आईच्या पोटात सुई न घालता, साध्या रक्ताच्या नमुन्यावरून पाहता येते. भारतात मात्र तिच्या अहवालात लिंग लिहिलं जात नाही.

तिन्ही वाटा आजारपणाच्या प्रश्नातून निघाल्या. त्यांचा दुसराच उपयोग कसा झाला ते आकड्यांत दिसतं.

५. आकड्यांची साक्ष

वाचकांना आधी एक कोडं घालतो. समजा, एका गावात १००० जोडपी आहेत. प्रत्येकानं ठरवलं आहे की मुलगा होईपर्यंत थांबायचं नाही, मुलगा झाला की थांबायचं. तर त्या गावात मुलग्यांची संख्या मुलींपेक्षा जास्त होईल का?

बहुतेक जण “होईल” म्हणतात. करून पाहू. सोपं जावं म्हणून मुलगा आणि मुलगी यांची शक्यता निम्मी-निम्मी धरू. पहिल्या बाळंतपणात ५०० मुलगे, ५०० मुली. मुलगा झालेली ५०० घरं थांबली. उरलेल्या ५०० घरांत दुसऱ्या वेळी २५० मुलगे, २५० मुली. तिसऱ्या वेळी १२५ आणि १२५. तीन फेऱ्यांनंतर बेरीज केली तर ८७५ मुलगे आणि ८७५ मुली. कितीही फेऱ्या केल्या तरी प्रत्येक फेरीत दोन्ही सारखेच जन्मतात, त्यामुळे बेरीजही सारखीच राहते.

या गावात घरं मात्र वेगळी दिसतील. मुलगे लहान कुटुंबांत असतील, कारण ते आले की पाळणा थांबतो. मुली मोठ्या कुटुंबांत असतील, तीन-चार बहिणींच्या पाठीवर एक भाऊ अशा. खाणारी तोंडं जास्त, वाट्याला येणारं दूध कमी, आणि कुठल्या तरी बहिणीचं नाव ‘नकोशी’. सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये अशा २८५ मुलींना समारंभानं नवी नावं देण्यात आली. त्यांतल्या काहींनी आपली नावं स्वतः निवडली.

म्हणजे मुलाची हौस मुलीचं जगणं अवघड करू शकते, पण नुसत्या हौसेनं मुलींची संख्या कमी होत नाही. ती कमी व्हायची असेल तर मुलीला जन्माआधी किंवा जन्मानंतर हटवावं लागतं, किंवा दुखण्यात तिच्याकडे दुर्लक्ष करून मरू द्यावं लागतं. दुसरी वाट नाही.

आता जनगणना पाहा. १०० मुलींमागे १०५ मुलगे, म्हणजे १००० मुलग्यांमागे सुमारे ९५२ मुली हे निसर्गाचं प्रमाण. शून्य ते सहा वर्षांच्या वयोगटात महाराष्ट्रात १९९१ मध्ये हा आकडा ९४६ होता. २००१ मध्ये तो ९१३ झाला, २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात २००१ मध्ये ८९४ होता, २०११ मध्ये ८०७. त्याच जनगणनेत गडचिरोलीत मात्र तो ९५० च्या वर होता. गडचिरोली राज्यातल्या गरीब आणि दुर्गम जिल्ह्यांपैकी एक आहे, त्यामुळे गरिबी किंवा अशिक्षितपणा हे कारण देता येत नाही.

बीडमध्ये दर १००० मुलग्यांमागे १४० च्या वर मुली असायला हव्या होत्या, त्या नव्हत्या. काही जन्मल्यावर हेळसांडीनं गेल्या असतील. पण दहा वर्षांत ८९४ चे ८०७ व्हायला, या काळात गावोगाव पोचलेल्या सोनोग्राफी यंत्रांशिवाय दुसरं समाधानकारक कारण दिसत नाही. बीडचं पाणी किंवा माती दहा वर्षांत बदललेली नाही. मला हे आकडे वाचताना राग येतो, आणि तो लपवावासा वाटत नाही.

६. कायदा कसा आला?

आपल्या देशात गर्भजल चाचणीची सुरुवात १९७० च्या दशकाच्या मध्याला दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत झाली, तीही जनुकीय दोष शोधण्यासाठी. काही वर्षांतच ती खासगी दवाखान्यांत लिंग सांगण्यासाठी विकली जाऊ लागली. मुंबईच्या लोकल गाड्यांत जाहिराती असत. आता थोडे पैसे खर्च करा आणि पुढचा हुंड्याचा मोठा खर्च वाचवा, असा त्यांचा रोख होता. १९८६ मध्ये मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून झालेल्या पाहणीत ४२ जणांनी आपण लिंगनिदानाची चाचणी करत असल्याचं सांगितलं.

मुंबईतल्या स्त्री-संघटना, डॉक्टर आणि वकील तेव्हाच एकत्र आले आणि त्यांनी लिंगनिदानविरोधी मंच उभारला. त्यांच्या रेट्यानं १९८८ मध्ये महाराष्ट्रानं कायदा केला. असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला आणि १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला. तो बराच काळ कागदावरच राहिला. २००० मध्ये सेहत आणि पुण्याची मासूम या संस्था आणि कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाच्या आदेशांनंतर यंत्रांची नोंदणी सुरू झाली, आणि २००३ मध्ये कायदा सुधारून गर्भधारणेआधी मुलगा निवडण्याच्या तंत्रांनाही त्याच्या कक्षेत आणलं.

आता कुठल्याही डॉक्टरला शब्दांनी, खुणेनं किंवा आणखी कुठल्याही तऱ्हेनं लिंग सांगता येत नाही. “पेढे आणा” एवढं म्हणणंही त्यात आलं. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि १०,००० रुपयांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड. चाचणीसाठी डॉक्टरांकडे जाणाऱ्या नातेवाइकांनाही तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गुन्हा अजामीनपात्र आहे. लिंगाशी निगडित आनुवंशिक आजारांची तपासणी मात्र कायद्यात बसते.

“आम्हाला दोन मुली आहेतच, कुटुंबात समतोल हवा म्हणून एक मुलगा निवडू द्या,” अशी मागणी घेऊन मुंबईचं एक दांपत्य उच्च न्यायालयात गेलं होतं. २००७ मध्ये न्यायालयानं ती नाकारली. मला तो निकाल योग्य वाटतो. अमेरिकेत लिंग सांगतात, कारण तिथल्या समाजात ते कळल्यावर मुली इतक्या मोठ्या प्रमाणावर नाहीशा झाल्या नाहीत. आपल्याकडे झाल्या. माहितीला बंधन घालणं मलाही सुखाचं वाटत नाही, पण ८०७ या आकड्यापुढे माझी ती हरकत टिकत नाही.

७. सोनोग्राफीला जाताना

डॉक्टर लिंग सांगत नाहीत म्हणून सोनोग्राफी निरुपयोगी ठरत नाही. पहिल्या तपासणीत गर्भ गर्भाशयातच आहे ना, त्याचं हृदय चालू आहे ना, किती आठवडे झाले आणि जुळी आहेत का, हे कळतं. अठराव्या ते विसाव्या आठवड्याच्या तपासणीत मेंदू, मणका, हृदय, मूत्रपिंडं आणि हातपाय एकेक करून पाहतात. नंतर वार कुठे चिकटली आहे, पाणी पुरेसं आहे का, बाळ डोक्याकडून आहे की पायाकडून, हे पाहतात. हे सगळं विचारण्याचा आईला पूर्ण हक्क आहे आणि तिनं ते विचारावं.

तपासणीआधी ‘फॉर्म एफ’ नावाचा अर्ज भरावा लागतो. त्यावर आईची सही असते की तिला लिंग जाणून घ्यायचं नाही, आणि डॉक्टरांची की त्यांनी ते सांगितलेलं नाही. सही करण्याआधी तो वाचून घ्यावा. कायदा असं गृहीत धरतो की चाचणीसाठी बाईवर नवऱ्यानं किंवा नातेवाइकांनी दबाव आणला, आणि ते खोटं असल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी दुसऱ्या बाजूवर असते. त्यामुळे दबावाखाली असलेल्या बाईनं तक्रार करताना स्वतः गुन्हेगार ठरण्याची भीती बाळगायचं कारण नाही. गर्भपात हा मात्र वेगळा विषय आहे. १९७१ च्या कायद्यानुसार ठरावीक कारणांसाठी आणि ठरावीक मुदतीत तो कायदेशीर आहे. लिंगनिदानाच्या कायद्याचं नाव सांगून गरजू बाईला कुणी दारातून परत पाठवत असेल तर ते चूक आहे.

लिंगनिदानाची तक्रार समुचित प्राधिकाऱ्याकडे करायची, म्हणजे जिल्ह्यात जिल्हा शल्यचिकित्सकांकडे आणि महापालिका हद्दीत महापालिकेच्या आरोग्य विभागातल्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. ती लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. प्राधिकाऱ्याला किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही कारवाई झाली नाही, तर कुणीही सामान्य नागरिक स्वतः न्यायालयात जाऊ शकतो.